हात वर केला, तर थांबा

घोडीवरून जाताना मागून येणाऱ्या गाडीला मी हात वर करून ‘थांबा’ अशी खूण केली, की बरेच लोक उलट मलाच हात करतात. पोरं खिडकीतून डोकी काढून टाटा करतात. कुणी मोबाइल काढतो. एका गृहस्थांनी तर काच खाली घेऊन ‘राउंडचे किती?’ असंही विचारलं होतं. पाचगणीच्या टेबललँडवर नाहीतर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर भाड्यानं मिळतो तोच घोडा, अशी आमच्या पट्ट्यात येणाऱ्या पाहुण्यांची समजूत असते. त्यामुळे त्यांना फार बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्या वर केलेल्या हाताला कायद्यानं अर्थ दिलेला आहे, हे गाडी चालवणाऱ्यांपैकी क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३२ काढून बघा. जनावर बिथरलंय किंवा गाडीमुळे बिथरेल असं ते ज्याच्या ताब्यात आहे त्याला वाटलं आणि त्यानं थांबायला सांगितलं, तर चालकानं गाडी थांबवायची आणि जरूर तेवढा वेळ उभी ठेवायची. जनावर म्हणजे कोणतं, तेही तिथंच दिलंय: घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. म्हणजे मेंढरं हाकणाऱ्या म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली, तर ती विनंती नसते. मला लायसन्स काढताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तुम्हालाही विचारला नसणार.

मी वाईजवळ राहतो. गाडीही चालवतो आणि एक घोडीही पाळली आहे. काठेवाडी, रंगानं कुमैत, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. स्वभावानं शहाणी. एसटी, उसाच्या ट्रॉल्या, ट्रॉलीवरचा कर्णकर्कश टेप, सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. तरीही तिच्यावरून पडून माझा कॉलरबोन मोडला, आणि ज्या गाडीमुळे मोडला ती अगदी हळू चालली होती. म्हणून हे सविस्तर सांगतो.

थंडीतला रविवार होता. मेणवलीचा घाट बघून धोमकडे निघालेल्या गाड्यांची वर्दळ सुरू झालेली. मागून एक मोठी गाडी आली. मी हात केला आणि चालकानं वेग खरोखरच कमी केला. माझ्यामागे थोडा वेळ थांबला, रस्ता मोकळा दिसल्यावर लांबून बाजूनं निघाला. इथवर सगळं शंभर नंबरी. मी मान हलवून आभारही मानले. गाडी घोडीच्या खांद्याशी आली तेव्हा मागची काच खाली गेली आणि एक हात मोबाइलसकट बाहेर आला. घोडीचा उजवा कान तिकडे वळला, डावा पुढंच राहिला. दोन कान दोन दिशांना गेले, की स्वारानं सावध व्हायचं असतं. मी रिकिबीत पाय घट्ट केले. तेवढ्यात गाडी पुढं निघाली आणि आनंदाच्या भरात चालकानं ते गाण्यासारखं वाजणारं हॉर्न दाबलं, वर ॲक्सिलरेटरही. चाकाखालची खडी उडाली. खोगिराखाली घोडीची पाठ एकदम आखडलेली मला जाणवली, आणि पुढच्या क्षणी ती डावीकडं चारीपलीकडं होती आणि मी उसाच्या बांधावर.

मोकळी घोडी वाईच्या दिशेनं उधळली. वळणावरून मोटारसायकलीवर एक दूधवाला येत होता. त्यानं ब्रेक मारला, गाडी घसरली, कॅन आडवे झाले. नशिबानं गुडघ्यावर निभावलं. पुढं गेलेल्या गाडीतल्यांना यातलं काही कळलंही नसेल. आपण घोड्याला सलामी दिली, असंच त्यांना वाटत असेल.

हळू आलात, लांबून गेलात, पण शेवटी गाडी दामटलीत, तर आधीचं सगळं पाण्यात. चालकाच्या दृष्टीनं घोडा मागे पडला, म्हणजे विषय संपला. घोड्याच्या दृष्टीनं तो तेव्हा सुरू होतो, कारण मोठा आवाज नेमका त्याच्या तोंडासमोर होतो. घोडा मागे पडल्यावरही पन्नासेक पावलं तशीच संथ गाडी न्या, मग वेग धरा. त्यात जाणारा वेळ एका फाटकापाशी थांबण्याइतकाही नसतो.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडून. म्हणून अगदी मागे चिकटून गाडी चालवू नका. तिथं तुम्ही त्याला दिसत नाही, नुसते ऐकू येता, आणि मागून ऐकू येणारी न दिसणारी वस्तू म्हणजे त्याच्या लेखी वाघ. हा प्राणी पळून जीव वाचवत आलेला आहे. आधी पळतो, मग काय होतं ते बघतो.

‘वरातीतली घोडी फटाक्यांत नाचते, तुमचीच कशी बुजते?’ असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. घोडा सरावतो तो त्या त्या वस्तूला. ट्रकला सरावलेला घोडा कुंपणावर फडफडणाऱ्या खताच्या रिकाम्या पिशवीला बुजेल, आणि पिशवी बहुतेक वेळा डाव्या कडेला असते. मग तो उडी कुठं मारणार? उजवीकडं, म्हणजे तुमच्या बॉनेटवर. दोष गाडीचा नसतो, पण घोडा येतो गाडीवरच. साडेतीन-चारशे किलोचं जनावर, त्याचे पाय लांब. बंपर पायांना लागतं आणि धड थेट काचेवर येतं. गाडीतल्या माणसाचा जीव जायला तेवढं पुरतं. म्हणून अंतर सोडायचं ते केवळ घोड्यावर दया म्हणून नव्हे.

ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२च्या जानेवारीपासून आकडेच घातले आहेत: घोड्याशेजारून जाताना वेग ताशी १० मैलांच्या, म्हणजे १६ किलोमीटरच्या आत आणि मध्ये किमान २ मीटर अंतर. आकडे आपणही घ्यावेत असेच आहेत, पण रस्ता मोजून बघा. आपल्याकडच्या एकेरी ग्रामीण रस्त्याचं डांबर असतं पावणेचार मीटर. त्यात गाडीचे पावणेदोन-एक मीटर आणि स्वाराच्या गुडघ्यांसकट घोड्याचे पाऊण मीटर गेले, तर उरतं सव्वा मीटर. म्हणजे अशा रस्त्यावर ओव्हरटेक होतच नाही. मागे तीन-चार गाड्यांचं अंतर ठेवून चालत राहायचं. शेताचं तोंड किंवा रुंद साइडपट्टी आली, की कोणताही शहाणा स्वार स्वतःहून बाजूला होतो. त्यालाही तुम्हाला पाठीवर घेऊन हिंडायची हौस नसते. समोरून येत असाल आणि घोडा जागच्या जागी नाचू लागला असेल, तर सरळ थांबा आणि इंजिन बंद करा. रात्री अप्पर लाइट मारू नका. उजेडातून अंधारात आल्यावर घोड्याची नजर सावरायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो.

हॉर्नबद्दल तर बोलायलाच नको. ‘मी मागे आहे’ हे सांगायला म्हणून आपण वाजवतो. घोड्याला तुम्ही कधीच कळलेले असता, त्याचे कान तुमच्याआधी वळलेले असतात. आणि ते सुरावटीचं हॉर्न तर मुळातच बेकायदा आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११९ वेगवेगळ्या सुरांत वाजणाऱ्या हॉर्नला मनाईच करतो. तरी ते खुशाल बसवलं जातं, ट्रकवर आणि आता मोटारींवरही.

आता आम्हा घोडेवाल्यांकडं वळतो, कारण साळसूदपणाचा मक्ता काही आमच्याकडं नाही. नवं जनावर एकट्यानं डांबरावर आणू नका. सरावलेल्या घोड्याच्या आडोशानं, नव्याला कडेला ठेवून आणा. वळणावर जोडीनं गप्पा मारत जाऊ नका, एकामागे एक व्हा. घोडा हातात धरून चालत असाल, तर तुम्ही रहदारीच्या बाजूला आणि घोडा कडेला. लोखंडी नाल गुळगुळीत डांबरावर सटकते, पावसात तर फारच, तेव्हा डांबरावर दौड नाही, चालच. अंगावर चमकपट्टीचं जाकीट घाला. चौकातल्या कामगारांकडं असतं तेच, महाग नसतं. डोक्यावर हेल्मेट हवंच, फेटा फोटोपुरता. आणि कडेची पिशवी घोड्याला दिसली, तर त्याचं तोंड पिशवीकडं दाबून धरू नका. मान किंचित रस्त्याकडं वळवा आणि उजव्या टाचेनं अंग कडेला दाबून ठेवा, म्हणजे उडी रस्त्यात पडत नाही.

घोडा सुटलाच, तर त्याच्यामागे मोटारसायकली लावू नका. आमच्या घोडीमागे गावातली दोन-तीन पोरं मदत म्हणून सुटली आणि जितकी ती मागे लागली तितकी ही पुढं. शेवटी डोक्यावर उसाच्या वाढ्याचा भारा घेऊन येणाऱ्या एका बाईंनी पोरांना दरडावून थांबवलं. भारा रस्त्याकडेला टाकला, चार वाढी हातात घेतली आणि घोडीकडं पाठ करून उभ्या राहिल्या. पाठ करून, हे महत्त्वाचं. घोडी आली, वाढं ओढलं, बाईंनी लगाम धरला. गाडीवाल्यानं अशा वेळी करायचं एवढंच: पार्किंग लाइट लावून थांबायचं आणि समोरून येणाऱ्यांना थांबवायचं.

पण माझ्यासारख्या हौशी माणसाची घोडी हा या प्रश्नाचा लहान भाग. वरात संपल्यावर मध्यरात्री घोडी घेऊन हमरस्त्यानं घरी परतणारी पोरं बघा. दिवसभर उपाशी, पेंगुळलेली. घोडीच्या अंगावर काचेचे आरसे असलेली झूल, पण मागे रिफ्लेक्टर नाही. लग्नघरानं बिदागीबरोबर शेपटीखाली बांधायला चमकपट्टी दिली आणि टेम्पोची सोय केली, तर काय बिघडेल? डीजेवर लाख उडतातच की.

आणि धनगरांचे वाडे. दिवाळीनंतर फलटण-माणकडून कोकणात उतरताना त्यांचं अख्खं घर तट्टांवर असतं: पाल, भांडी, कोंबड्या, वर बसलेलं लेकरू. ते हौसेनं रस्त्यावर येत नाहीत, त्यांच्या जुन्या वाटांवरच आपण डांबर ओतलं. माउलींचे अश्व दर वर्षी अंकलीहून आळंदीला चालत येतात तेव्हा गाड्या थांबतात, माणसं उतरून पाया पडतात, हॉर्न कुणी वाजवत नाही. म्हणजे थांबायचं कसं, हे आपल्याला उत्तम येतं. वाड्याच्या तट्टाला मात्र आपण मागून हॉर्न मारतो. भोंग्यानं ते तट्टू बुजलं, तर खाली पडतं ते लेकरू.

तेव्हा पुढच्या खेपेस घाटात एखाद्या धनगरानं, घोडेवाल्यानं किंवा वरातीच्या पोरानं हात वर केला, तर टाटा करू नका. ब्रेकवर पाय ठेवा, काच बंद ठेवा आणि तो हात खाली घेईपर्यंत थांबा.