हँडगनचा परवाना आणि ऑनलाइन प्रशिक्षण

अमेरिकेत हँडगन बाळगण्याचा परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देते. त्यामुळे त्यासाठी प्रशिक्षण किती तासांचे लागेल, ते घरबसल्या संगणकावर चालेल की प्रशिक्षकासमोर उभे राहूनच घ्यावे लागेल, हे राज्यागणिक बदलते. २०२४ अखेर २९ राज्यांत घराबाहेर हँडगन बाळगायला परवान्याची गरजच उरली नव्हती. तरी त्यांतली बहुतेक राज्ये मागणाऱ्याला परवाना देतात आणि तो घेणारे पुष्कळ आहेत. ऑनलाइन कोर्स चालतात ते याच मागणीवर: थोडा वेळ व्हिडिओ, मग पर्यायी उत्तरांची चाचणी, की लगेच प्रमाणपत्र. ते कुठे चालते आणि कुठे नाही हे न पाहता पैसे भरले, तर अर्ज नाकारला जातो आणि भरलेली फी बहुधा परत मिळत नाही.

ऑनलाइन प्रशिक्षण पूर्णपणे मान्य असलेले ठळक राज्य टेनेसी. तिथे १ जानेवारी २०२० पासून परवान्याचे दोन प्रकार आहेत. साधा परवाना फक्त लपवून बाळगण्यासाठी असतो आणि त्याला किमान ९० मिनिटांचा मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्स पुरतो. वरच्या दर्जाच्या परवान्याला मात्र आठ तासांचा प्रत्यक्ष वर्ग आणि रेंजवरची नेमबाजी आवश्यक आहे. तो असला की हत्यार उघडपणेही बाळगता येते. साध्याची फीही कमी आहे, म्हणून सोपा तो बरा असे वाटते. पण इतर काही राज्ये टेनेसीचा वरचा परवाना मानतात आणि साधा मानत नाहीत. राज्याची हद्द ओलांडून गाडीने प्रवास करणाऱ्याने हा हिशेब आधी करावा, कारण हद्दीपलीकडे अमान्य परवाना हाती असणे म्हणजे परवाना नसण्यासारखेच.

व्हर्जिनियाने उलट दिशा धरली. तिथे ऑनलाइन प्रमाणपत्र बरीच वर्षे चालत होते, आणि बाहेरच्या राज्यांतले लोकही त्याच्या बळावर व्हर्जिनियाचा अनिवासी परवाना काढत. २०२० मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२१ पासून कौशल्य प्रत्यक्ष हजर राहूनच सिद्ध करावे लागते. असे बदल झाले तरी जुन्या जाहिराती आणि ‘मी तर घरबसल्या काढला’ असे मित्रांचे सल्ले मागे उरतात. कुणी हा परवाना अमुक वर्षी असा काढला, याला आजच्या अर्जात काही किंमत नसते.

टेक्सासने मधला मार्ग काढला आहे. वर्गातला भाग ऑनलाइन करता येतो, पण नेमबाजीची परीक्षा प्रशिक्षकासमोरच द्यावी लागते: ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुणांना उत्तीर्ण. न्यूयॉर्क याहून कितीतरी कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ब्रूएन खटल्यात तिथली ‘योग्य कारण दाखवा’ ही अट रद्द केली, तेव्हा राज्याने नवा कायदा करून १६ तासांचा प्रत्यक्ष वर्ग आणि २ तासांची रेंज सक्तीची केली. त्या वर्गात वाद चिघळू न देणे, पोलिसांशी कसे वागावे, हत्यार घरात सुरक्षित कसे ठेवावे, आत्महत्या टाळणे हेही विषय आहेत.

कायद्याचा भाग पडद्यावर उत्तम शिकता येतो. निवांत पुन्हा पाहता येतो, हा तर फायदाच. हाताला जे शिकायचे असते ते मात्र व्हिडिओ शिकवू शकत नाही. पिस्तूल रिकामे करताना आधी मॅगझीन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचा. क्रम उलटा झाला तर स्लाइड सोडताच मॅगझीनमधली नवी गोळी चेंबरमध्ये चढते, नंतर मॅगझीन काढले तरी ती आतच राहते, आणि ‘रिकामे’ पिस्तूल भरलेलेच असते. चाचणीत हा क्रम बरोबर सांगणारा माणूस हाताने तो चुकू शकतो. तसेच मनगट सैल पडले की स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पिस्तूल अडते. अंगठा स्लाइडच्या मागे राहिला तर सालटे निघते. रेंजवर गरम पुंगळी उडून कॉलरमध्ये शिरली की नवखा माणूस झटक्यात वळतो आणि त्याच्याबरोबर नळीही वळते. अशा वेळी खांद्याशी उभ्या प्रशिक्षकाचा हात लागतो. म्हणून कायदा मागत नसला, तरी ऑनलाइन परवाना काढणाऱ्याने काही तास रेंजवर घालवलेच पाहिजेत.

पैसे भरण्यापूर्वी राज्याचा चालू कायदा आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाची माहिती वाचावी: टेनेसीत डिपार्टमेंट ऑफ सेफ्टी, टेक्सासात डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी, व्हर्जिनियाच्या रहिवाशांसाठी सर्किट कोर्टाचा क्लार्क. ‘सर्व राज्यांत मान्य’ असे छापलेला कोर्स तिथेच सोडून द्यावा. असे प्रमाणपत्र असूच शकत नाही.

परवाना लागत नाही अशा राज्यातही तो घ्यावा, याला एक भक्कम कारण आहे. केंद्राच्या कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत हँडगन बाळगणे गुन्हा आहे; ज्याच्याकडे त्याच राज्याचा परवाना आहे त्याला यातून सूट मिळते. शेजारच्या राज्याचा परवाना इथे कामाचा नाही. शहरात तर जाता-येता शाळा लागतेच.

भारतातून गेलेल्यांसाठी सर्वांत मोठा धोका कोर्सच्या आधीच उभा असतो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक वा काडतूस बाळगणे केंद्राच्या कायद्याने सामान्यतः निषिद्ध आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल हातात धरणेही ‘बाळगणे’ ठरू शकते. कोर्स विकणारा व्हिसाबद्दल विचारेलच असे नाही, आणि त्याचे प्रमाणपत्र हा निषेध उठवत नाही. ग्रीन कार्डधारकांवर ही बंदी नाही. व्हिसावर असलेल्याने रेंजवर जाण्यापूर्वी इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला विचारावे.