जांभा दगड : चिऱ्याची पारख व वापर

खडकांचे सर्वसाधारणपणे तीन वर्ग मानले जातात. तप्त शिलारस थंड होऊन झालेला तो अग्निजन्य खडक. सह्याद्रीचा काळा दगड या वर्गातील. गाळाचे थर दाबले जाऊन बनतो तो स्तरित. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा वालुकाश्म व सर्वपरिचित शहाबादी फरशी ही त्याची उदाहरणे. उष्णता व दाब यांमुळे ज्याचे मूळ रूप पालटते तो रूपांतरित. संगमरवर हा मूळचा चुनखडकच होय. परंतु गोव्यातील असंख्य घरे ज्या दगडाने उभी आहेत, तो जांभा या वर्गवारीत सरळ बसत नाही. इतर खडकांची झीज होऊन तो तयार झालेला आहे.

उष्ण हवा, मुसळधार पाऊस व त्यानंतरचा कोरडा काळ हे चक्र दीर्घकाळ चालले की खडकातील सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. दगडाचा तांबूस रंग लोहामुळे येतो. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेतील वीट या अर्थाच्या शब्दावरून ते घेतलेले आहे, आणि ते समर्पकही आहे. कारण जमिनीत ओलसर असेतो हा दगड हत्याराने विटेसारखा कापता येतो व उघड्या हवेत राहिल्यावर कठीण होतो. म्हणूनच खाणीतून काढलेला चिरा लगेच भिंतीत बसवणे इष्ट नाही. तो सुमारे तीन महिने उघड्यावर मुरू द्यावा.

सर्व चिरे सारख्या प्रतीचे नसतात. खाणीत जसजसे खोल जावे तसतसा दगड बहुधा मऊ होत जातो व शेवटी नुसती पांढुरकी माती लागते. अशा मातीचे मोठे कप्पे असलेला चिरा नाकारावा. भारतीय मानकानुसार चिऱ्याने आपल्या वजनाच्या शेकडा १२ हून अधिक पाणी शोषू नये. ही परीक्षा घरीही करता येते. कोरडा चिरा तोलून एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावा व पुन्हा तोलावा. ३० किलोंच्या चिऱ्याचे वजन साडेतीन किलोंहून फार वाढले, तर तो माल परत पाठवणेच हिताचे.

पाऊस हा जांभ्याचा जन्मदाता खरा, पण भिंतीत बसलेल्या जांभ्याचा तोच शत्रू ठरतो. जुन्या गोव्यातील बाँ जेझूस बासिलिका हे याचे ठळक उदाहरण. १५९४ साली काम सुरू होऊन १६०५ साली पूर्ण झालेल्या या वास्तूच्या भिंती जांभ्याच्या आहेत. दर्शनी भागातील कोरीव कामासाठी मात्र वसईहून काळा दगड आणला गेला, कारण जांभ्यावर नाजूक नक्षी टिकत नाही. या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून उघडा दगड पावसाळ्यामागून पावसाळे झेलत झिजत आहे. गिलावा पुन्हा करावा की नाही, याबद्दल अलीकडच्या वर्षांत बराच वाद झाला. शेजारच्या सी कॅथेड्रलच्या भिंतीही जांभ्याच्याच, परंतु त्यांवर गिलाव्याचे आवरण आहे.

उघड्या चिऱ्याची भिंत शोभिवंत दिसते म्हणून हल्ली तशी घरे बांधण्याची हौस वाढली आहे. हौसेला हरकत नाही. मात्र छपराची वळचण रुंद ठेवावी आणि पावसाच्या बाजूची भिंत गिलाव्याने झाकावी. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. घट्ट सिमेंटच्या गिलाव्यामागे ती कोंडून राहते व दगड आतून भुसभुशीत होतो. जोत्यासाठी शक्य असल्यास काळा दगड वापरावा.

चिरे काढून झालेल्या खाणींकडेही ग्रामस्थांनी व पंचायतींनी लक्ष देणे आवश्यक आहे. उभ्या कडांचे हे खोल खड्डे पावसाळ्यात भरतात आणि पोहण्यास उतरलेली मुले त्यांत बुडण्याच्या दुर्घटना घडतात. चिरा हे गौण खनिज असल्याने ते काढण्यास खाण खात्याची परवानगी लागते. परवानगीविना चाललेल्या खाणीची, तसेच कुंपण न घातलेल्या सोडलेल्या खड्ड्याची लेखी माहिती पंचायतीस व मामलेदार कचेरीस पावसाळ्यापूर्वीच द्यावी.