अब्बांची रजा

डिसेंबर महिना आला की शाळेत वार्षिक स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. मधल्या सुट्टीत कव्वालीच्या टाळ्या ऐकू येतात. कोणी तराना पाठ करतो, तर कोणी नाटुकल्यातील संवाद म्हणत व्हरांड्यात फेऱ्या मारतो. या सरावाला मराठीत 'तालीम' म्हणतात. तुम्हांला गंमत वाटेल, कारण उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत नाटकाचा सराव ही तालीम आणि पैलवानांचा आखाडा हीसुद्धा तालीमच!

संमेलनाच्या दिवशी तुमचे सारे लक्ष रंगमंचावर असते. या पाठात आपण पडद्याच्या दुसऱ्या बाजूला, प्रेक्षकांत जाऊन बसू. तेथे तुमची अम्मी असते. तिच्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल ठेवलेला असतो. ती खुर्ची अब्बांची. कार्यक्रम सुरू झाला तरी पुष्कळदा ती रिकामीच दिसते. असे का होते?

याचे उत्तर आपल्या गावाच्या इतिहासात आहे. पेनिसिलीन तयार करणारा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 साली पिंपरीत स्थापन झाला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. पुढे आकुर्डीत स्कूटर, पिंपरीत मालमोटारी आणि भोसरीत त्यांचे लहानमोठे सुटे भाग तयार होऊ लागले. चाकण तर कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी प्रसिद्ध होते. आज तेथून मोटारगाड्या बाहेर पडतात. मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशा अनेक भागांतून लोक कामासाठी येथे आले. तुमच्यापैकी काहींचे दादा किंवा अब्बा असेच आले असतील.

कारखाना शाळेसारखा दुपारी बंद होत नाही. तो पाळ्यांमध्ये चालतो. पहिली पाळी साधारणतः सकाळी सातला सुरू होते, दुसरी दुपारी तीन-साडेतीनला आणि तिसरी रात्री. पाळी बहुधा दर आठवड्याला बदलते. त्यातच येथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळीकडचे कारखाने एकाच दिवशी बंद राहू नयेत आणि विजेचा भार वाटला जावा, म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार ठरवून दिले गेले. आपल्या भागाच्या वाट्याला गुरुवार आला. स्नेहसंमेलन मात्र अनेक शाळा शनिवारी किंवा रविवारी घेतात. म्हणजे तुम्हांला सुट्टी असते, तेव्हा अब्बा यंत्रापाशी उभे असतात.

मग अब्बांना रजा घ्यावी लागते. 'रजा' हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत रजा म्हणजे राजीखुशी, संमती. मराठीत त्याचा अर्थ कामावरून मिळालेली सुट्टी. विचार केला तर दोन्ही अर्थ जवळचेच आहेत, कारण दुसऱ्याची संमती असल्याशिवाय ही सुट्टी मिळत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाने, आदल्या वर्षी 240 दिवस काम केलेल्या कामगाराला दर 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवस भरपगारी रजा ठरवून दिली. पण तिचा अर्ज 15 दिवस आधी लेखी द्यावा आणि ही रजा वर्षातून तीनपेक्षा अधिक वेळा घेऊ नये, असेही त्यात लिहिले होते. आता तीन वेळांत काय काय बसवायचे? ईदेसाठी गावी जायचे, घरातील लग्न पार पाडायचे आणि वर तुमचे संमेलन! मोठ्या कारखान्यांत किरकोळ रजाही मिळते; परंतु कंत्राटी कामगाराचा बुडालेला दिवस म्हणजे बहुधा बुडालेली मजुरी. अशा वेळी कामगार एकमेकांच्या पाळ्या बदलून घेतात. "आज तू माझ्या जागी ये, रविवारी मी तुझ्या जागी येईन." तुमच्या सात मिनिटांच्या कार्यक्रमासाठी कोणा चाचांनी सलग दोन पाळ्या केलेल्या असू शकतात.

आता कार्यक्रमाकडे वळू. समजा, तुमच्या वर्गाने तमसिली मुशायरा बसवला आहे. कोणी गालिब झाला आहे, कोणी मीर, कोणी इक्बाल. त्यांना शेर म्हणायचे आहेत, दाद मिळणार आहे. एका मुलाला मात्र एकही शब्द बोलायचा नाही. एका शायरापुढची शमा उचलून दुसऱ्या शायरापुढे ठेवायची, एवढेच त्याचे काम. त्याला वाटते, 'मला कोण पाहणार?'

सभागृहात त्याचे अब्बा धावतपळत येतात. चाकणच्या चौकात वाहनांची कोंडी होती, म्हणून उशीर झालेला असतो. हाताला ग्रीसचा वास असतो. अम्मी रुमाल उचलते. अब्बा बसतात आणि विचारतात, "आपला झाला का?" सभागृहात सर्व जण गालिबला वाहवा देत असतात. हे अब्बा पाहत असतात ती शमा. मुलाचा हात थरथरला की त्यांचाही हात खुर्चीच्या कडेवर घट्ट होतो. शमा नीट खाली टेकली की ते श्वास सोडतात. शेजारचा माणूस विचारतो, "तुमचा मुलगा कोणता?" ते म्हणतात, "तो, दिवा धरलेला." हे सांगताना त्यांना जराही कमीपणा वाटत नाही.

काही अब्बांना मात्र येताच येत नाही. काही अम्मीसुद्धा कारखान्यात पॅकिंगच्या कामावर असतात. मग बहीण मोबाइलवर चित्रण करते. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या टेबलावर चार डोकी त्या लहानशा पडद्यावर वाकतात. माझ्या मते तेही प्रेक्षकच. फक्त त्यांच्या टाळ्या तुम्हांला ऐकू येत नाहीत.

म्हणून संमेलनाची तारीख फळ्यावर लिहिली गेली, की त्याच संध्याकाळी ती घरी सांगा. परवाच्या कार्यक्रमाचे आज सांगून चालत नाही. त्या आठवड्यात अब्बांची पाळी कोणती आहे, तेही विचारून वहीत लिहा. वर्गातील सर्वांच्या अशा नोंदी गोळा करून आपल्या शिक्षकांना दाखवा. कार्यक्रम सकाळी सुरू होणार असेल, तर ज्यांच्या घरचे दुसऱ्या पाळीला जाणार आहेत त्यांचा क्रमांक आधी लावता येईल. पहिल्या पाळीहून येणाऱ्यांसाठी काही कार्यक्रम दुपारनंतर ठेवता येतील. आणि सभागृह गुरुवारी मिळत असेल, तर मुख्याध्यापकांना एकदा विचारून पाहा.