परीक्षेतील अपयश आणि गीतेने सांगितलेली पाच कारणे

(गीता-अभ्यास : अध्याय १८, श्लोक १३ ते १६)

नोव्हेंबरच्या अखेरीस, बहुधा त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, भारतीय व्यवस्थापन संस्थांची सामायिक प्रवेश परीक्षा होते. तिला सर्वत्र ‘कॅट’ म्हणतात. डिसेंबरात, दिल्लीवर धुके दाटू लागते त्या सुमारास, तिचा निकाल लागतो. आणि दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम येथील कित्येक घरांत त्या दिवशी सांजवात तर लागते, पण घरातील माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नाहीत.

अशा एका घराची कल्पना करू. मुलगा अभियांत्रिकीचा पदवीधर. हातची नोकरी सोडून त्याने वर्षभर अभ्यास केला. सत्त्याण्णव पर्सेंटाइलची अपेक्षा होती, पंचाऐंशी मिळाले. आई ताट वाढते आणि उगाच काही विचारीत नाही. वडिलांना शेजाऱ्याने निकाल विचारला, तेव्हा त्यांनी आकडा थोडा वाढवूनच सांगितला. मुलगा खोलीचे दार लोटून बसला आहे, आणि ‘मी कशाच्याच योग्यतेचा नाही’ हे एकच वाक्य त्याच्या मनात फिरत आहे. वडील गीतेचे नित्य पाठक. ते म्हणतात, “बाळ, दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी काय सांगितले आहे? कर्म आपले, फळाकडे पाहू नये.” मुलगा मान वर करून म्हणतो, “बाबा, फळाकडे पाहायचेच नव्हते, तर परीक्षा दिली तरी कशाला? आणि तुम्ही शेजारी खोटे का सांगितले?”

मुलाचा प्रश्न उद्धट नाही, खरा आहे. आजच्या अभ्यासात त्याचेच उत्तर शोधावयाचे आहे.

फळ पाहणे आणि फळावर हक्क सांगणे

दुसऱ्या अध्यायाच्या सत्तेचाळिसाव्या श्लोकात चार गोष्टी आहेत. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, फळाच्या हेतूने तू कर्मास प्रवृत्त होऊ नकोस, आणि कर्म न करण्याचीही आवड धरू नकोस. आपण बहुधा दुसरी गोष्ट पाठ करतो आणि चौथी विसरतो. उद्दिष्ट ठेवू नये, असे भगवंत कोठेही म्हणत नाहीत. धनुर्धर लक्ष्य न पाहता बाण कसा सोडील? परंतु बाण सुटल्यानंतर वाऱ्यावर त्याची सत्ता चालत नाही. लक्ष्य ठेवणे हे कर्माचे अंग आहे. ‘ते मला मिळालेच पाहिजे’ हा हक्क सांगणे ही आसक्ती आहे. हा भेद ध्यानात आला म्हणजे ‘मग परीक्षा कशाला दिली?’ या प्रश्नाचा अर्धा भाग सुटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी अठराव्या अध्यायाकडे वळले पाहिजे.

पाच कारणे

तेथे भगवंत सांगतात की कोणतेही कर्म, मग ते काया, वाचा, मन यांपैकी कशानेही घडलेले असो, योग्य असो वा विपरीत, पाच कारणांच्या मेळाने सिद्धीस जाते. ती कारणे म्हणजे अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. आणि सोळाव्या श्लोकात निर्णय दिला आहे की, असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारहीन आहे. त्याला खरे दिसत नाही. हा श्लोक यशाने फुगलेल्या माणसास सांगितला जातो. तथापि अपयशाने खचलेल्या माणसासही तो तितकाच लागू आहे. ‘मी जिंकलो’ हा जसा अहंकार, तसाच ‘मीच सर्वस्वी नालायक’ हाही अहंकारच होय. केवळ त्याचे तोंड खाली आहे.

आता ही पाच कारणे आपल्या परीक्षार्थ्यास लावून पाहू.

अधिष्ठान म्हणजे शरीर, असे शांकरभाष्य सांगते. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप झाली होती काय? नोव्हेंबरातील दिल्लीच्या दूषित हवेने छाती भरली होती काय? कर्ता म्हणजे तो परीक्षा देणारा ‘मी’. त्याने ही वाट आपल्या ओढीने धरली, की मित्र निघाले म्हणून धरली? करणे म्हणजे साधने, म्हणजे येथे वाचनाची सवय, गणिताची तयारी, तर्काची चपळाई. चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष त्या दोन तासांतील हालचाल. प्रत्येक विभागास चाळीस मिनिटे असतात, आणि एका विभागाचा वेळ दुसऱ्यास देता येत नाही. बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण जातो. अशा वेळी कोणता प्रश्न सोडून द्यावा, हेही एक कौशल्यच आहे.

आणि दैव? येथे दैव म्हणजे आपल्या हाताबाहेरचे सर्व काही. पर्सेंटाइल ही संख्याच मुळी तशी आहे. ती आपल्या ज्ञानाचे माप नव्हे. ती रांगेतील जागा आहे. सन २०२४ च्या परीक्षेस सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. त्यात पंचाऐंशी पर्सेंटाइल म्हणजे सुमारे ४४ हजार जण पुढे आणि जवळजवळ २ लाख ४९ हजार मागे. तेवढेच गुण मिळवूनही, इतरांनी कसे लिहिले यावर आपली जागा बदलते. परीक्षा निरनिराळ्या सत्रांत होत असल्यामुळे गुणांचे समायोजनही होते. यांतील कशावरही परीक्षार्थ्याचा अधिकार नाही.

या विभागणीचा हेतू सबब शोधणे हा नव्हे. पाचही कारणे दैवाच्या खात्यावर टाकणारा आळशी होतो. पाचही स्वतःच्या खात्यावर टाकणारा खचतो. जे ज्याचे, ते त्याच्या खात्यावर मांडणे, हेच अनासक्तीचे व्यावहारिक रूप आहे. फळाचा शोक टाकावयाचा आहे, कर्माचा हिशेब नव्हे. किंबहुना शोक टाकल्यावाचून हिशेब नीट होतच नाही.

द्रोणाची परीक्षा आणि यक्षाची परीक्षा

गुरुग्राम हे नाव द्रोणाचार्यांवरून पडले, अशी परंपरा आहे. त्याच द्रोणांनी घेतलेली परीक्षा महाभारताच्या आदिपर्वात आहे. झाडाच्या शेंड्यावर कृत्रिम पक्षी ठेवून त्यांनी शिष्यांना एकेक करून ‘काय दिसते?’ असे विचारले. युधिष्ठिराला झाड दिसले, गुरू दिसले, भाऊ दिसले आणि पक्षीही दिसला. द्रोणांनी त्यास बाजूला केले. अर्जुनाला फक्त पक्ष्याचे डोके दिसले. तो उत्तीर्ण झाला.

पुढे वनपर्वात दुसरी परीक्षा झाली. सरोवराच्या काठी यक्षाने पाणी पिण्यापूर्वी प्रश्नांची उत्तरे मागितली. अर्जुनाने ते ऐकले नाही आणि तो पडला. भीम, नकुल, सहदेव यांचीही तीच गत झाली. युधिष्ठिराने मात्र उत्तरे दिली. चार भावांपैकी एकासच उठविता येईल, असे यक्षाने म्हटल्यावर त्याने अर्जुनास किंवा भीमास मागितले नाही. माद्रीचाही एक पुत्र जिवंत राहावा म्हणून नकुलास मागितले. पाहण्यासारखी गोष्ट ही की, लक्ष्याकडे पाहतानाही ज्याला भाऊ दिसत राहिले म्हणून जो पहिल्या परीक्षेत मागे पडला, त्याला भाऊ दिसत राहिले म्हणूनच तो दुसरीत उत्तीर्ण झाला. द्रोणांची परीक्षा खोटी नव्हती. धनुर्विद्येसाठी ती योग्यच होती. पण ती युधिष्ठिराची परीक्षा नव्हती.

आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे, तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे घ्यावे. सन १८७५ मध्ये कोकणातील मुरूडहून सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल पायी चालत, ते सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास गेले. ते वयाने लहान दिसतात, एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. अधिष्ठान, म्हणजे शरीर, आड आले; कर्त्याचा दोष काहीच नव्हता. ते परतले आणि पुढे कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. याच कर्व्यांनी सन १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले, आणि सन १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतणाऱ्या मुलाला हे काही ठाऊक नव्हते. त्याला पुढचे एक पाऊल तेवढे ठाऊक होते.

आईवडिलांचा अधिकार

आता मुलाच्या प्रश्नाचा उरलेला भाग, आणि तो गृहस्थांसाठी आहे. मुलाला निदान कर्मावर अधिकार होता. वडिलांना तर या परीक्षेच्या कर्मावरही अधिकार नाही, आणि फळावरही नाही. मग शेजाऱ्यापुढे आकडा वाढविला कोणी? मुलाच्या फळावर हक्क सांगणाऱ्या आसक्तीने. वडिलांचे कर्म निराळे आहे : घरात खरे बोलणे सोपे करणे. वडिलांनी मुलास एवढे म्हणावे, “शेजारी मी खोटे बोललो, ते माझे चुकले. तुझे पंचाऐंशी मला लाजेचे नाहीत.” मुलाला उपदेशाच्या दहा श्लोकांपेक्षा या वाक्याचा आधार अधिक होईल.

पहिल्या अध्यायास ‘अर्जुनविषादयोग’ म्हणतात. विषादासही योग का म्हटले? अर्जुनाने आपला विषाद लपविला नाही. तो श्रीकृष्णापुढे बोलून दाखविला आणि मार्ग विचारला, म्हणून. बंद दारामागचा विषाद योग होत नाही. मुलगा जेवत-झोपत नसेल, जिवास कंटाळल्याचे बोलत असेल, तर त्यास एकटे सोडू नये. विलंब न करता वैद्यकीय मदत घ्यावी. सरकारची ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ही मदत मागण्यात श्रद्धेची उणीव नाही.

अभ्यास

१. निकालानंतर तीन दिवस कोणताही निर्णय करू नये. नित्याचे स्नान, जेवण, फिरणे, पाठ चालू ठेवावे.

२. चौथ्या दिवशी आपली उत्तरपत्रिका घेऊन बसावे. येत असून चुकलेले, येत नसता केलेले, आणि येत असून वेळेअभावी राहिलेले असे प्रश्न निराळे काढावेत. नंतर कागदावर पाच रकाने आखून पाच कारणे लिहावीत. दैवाच्या रकान्यात जे येईल, ते पुन्हा वाचू नये.

३. मग वाट निवडावी. याच गुणांवर प्रवेश देणाऱ्या अन्य संस्था आहेत, जानेवारीच्या आरंभी होणारी ‘झॅट’सारखी दुसरी परीक्षा आहे, ‘कॅट’ किती वेळा द्यावी यास मर्यादा नाही, नोकरी धरून अनुभव घेता येतो, आणि ही वाट सोडताही येते. अठराव्या अध्यायाच्या पस्तिसाव्या श्लोकात भगवंतांनी भय, शोक, विषाद व मद न सोडणाऱ्या धृतीस तामसी म्हटले आहे. पुन्हा परीक्षा देण्याचा निश्चय केवळ लोकांना दाखविण्यासाठी असेल, तर तो निश्चय नव्हे, हट्ट आहे. उणीव नेमकी दिसली असेल आणि ती भरून काढण्याची ओढ असेल, तर तोच निश्चय सात्त्विक होय.

४. घरातील प्रत्येकाने स्वतःस एक प्रश्न विचारावा : या प्रसंगी माझ्या वाट्याचे कर्म कोणते, आणि मी कोणाच्या फळावर हात ठेवून बसलो आहे?

या प्रश्नाचे उत्तर ज्या घरात खरेपणाने दिले जाईल, तेथील खोलीचे दार उघडावयास फार वेळ लागणार नाही.