फॅदम : मिठीतून निघालेले माप
(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजीच्या तासाला शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकातील एका गीतात ‘फॅदम’ हा शब्द आला. ‘पाण्याची खोली मोजण्याचे सहा फुटांचे माप’ एवढा अर्थ मी वहीत उतरवून घेतला. पुढे ग्रंथालयात मोठा शब्दकोश उघडला, तेव्हा या कोरड्या मापाचे मूळ पाहून नवल वाटले.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘पसरलेले बाहू’ आणि ‘मिठी’ असा होता. दोन्ही हात आडवे ताणले की बोटांच्या टोकांमधले अंतर साधारणपणे माणसाच्या उंचीएवढे भरते. तेच पुढे सहा फूट, म्हणजे सुमारे १.८३ मीटर, असे ठरले. खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडीत आणि वर ओढताना ती हात पसरून मोजीत. अमेरिकेतील मिसिसिपी नदीवर दोन फॅदम, म्हणजे बारा फूट, पाणी लागले की ‘मार्क ट्वेन’ अशी हाळी देत. त्या नदीवर बोट चालविणाऱ्या सॅम्युएल क्लेमेन्स (१८३५–१९१०) यांनी हीच हाळी लेखनासाठी टोपणनाव म्हणून घेतली.

तळ सापडणे म्हणजे उमगणे. म्हणून इंग्रजीत ‘फॅदम’ हे ‘आकलन होणे’ या अर्थाचे क्रियापदही झाले. आपणही ‘त्याच्या मनाचा थांग लागत नाही’ असेच म्हणतो. सागर अथांग, तशी मायाही अथांग! दोन दूरच्या भाषा एकाच वाटेने चालल्या.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा हे आजोबांना सांगितले. त्यांनी शाळा पाहिलेली नाही. विहिरीचा दोर उचलून त्यांनी दोन्ही हात पसरले नि म्हणाले, “अरे, ही तर वाव! आपल्या विहिरीला पाच वाव दोर लागतो.” संस्कृतात याच मापाला ‘व्याम’ म्हणतात.

‘वाव’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो. पण वर्गात तो मला आठवला नाही; आठवला असता तरी हसतील म्हणून मी बोललो नसतो. घरच्या शब्दांना कॉलेजात जागा नाही, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली. वहीत ‘फॅदम’समोर आता मी ‘वाव’ लिहिले आहे.