समान नमुना, स्वतंत्र आराखडा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो वर्गात उतरतो वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यातून. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील कर्णबधिर मुलीचा आराखडा नव्या शाळेस उमगला नाही, तर तिचे शिक्षण पुन्हा आरंभापासून सुरू होते. म्हणून नमुना सर्वत्र एकच हवा : आज काय येते, पुढील उद्दिष्ट कोणते, साहाय्य कोण देणार, फेरआढावा केव्हा. मात्र रकाने समान असावेत, मजकूर नव्हे. ‘विशेष लक्ष द्यावे’ हा शेरा मोघम होय. ‘पुढच्या रांगेत बसवावे, सूचना फळ्यावर लिहाव्यात’ हा उपयुक्त. स्थलांतरापूर्वी आराखड्याची प्रत पालकांच्या हाती पडेल, याची दक्षता शिक्षकांबरोबर पंचायत सदस्यांनीही घ्यावी.