बाराशिंगा आणि कुरण

जबलपूरहून मंडल्यामार्गे आग्नेयेस गेले असता सुमारे १६० किलोमीटरवर कान्हाचे अरण्य लागते. तेथील दाट सालवनात मधूनमधून विस्तीर्ण कुरणे पसरलेली आहेत. प्रवाशाला ती अनादिकाळापासूनची वाटतात. वस्तुतः त्यांतील पुष्कळशी एकेकाळची शेते व गायराने होत. गोंड आणि बैगा लोकांची गावे तेथे नांदत होती.

या कुरणांशी बाराशिंग्याचे जीवित निगडित आहे. त्याचे उत्तरेकडील भाऊबंद दलदलीत राहतात. कान्हाची उपजाती मात्र कठीण जमिनीवर वावरणारी आहे. चितळ पाला, फुले, फळे खाऊन वेळ मारून नेतो. बाराशिंग्याला गवतावाचून दुसरे अन्न जवळजवळ नाहीच. १९३८ च्या सुमारास येथे ३,००० बाराशिंगे असल्याचा अंदाज होता. १९७० च्या गणतीत अवघे ६६ भरले.

शिकार, वाघ, गुरांपासून आलेला रोग अशी अनेक कारणे सांगितली गेली. परंतु पायाखालच्या गवताकडे पाहिल्यावाचून हे कोडे उलगडणारे नव्हते. पावसाळा सरता सरता पाडस जन्मते आणि मादी त्याला उंच गवतात दडवून ठेवते. नित्याची चराई आणि दरवर्षी लावले जाणारे वणवे यांमुळे हे उंच, बहुवर्षायू गवत मागे हटले. पाडसाचा आडोसाच गेला.

१९७० च्या आसपास एक कुंपणबंद आवार उभारून त्यात काही बाराशिंगे सुरक्षित ठेवण्यात आले. याहून दूरगामी ठरले ते गावांचे स्थलांतर. सौंफ गाव उठले, नांगर व गुरे थांबली, आणि सोडलेल्या शेतांत गवत वाढू लागताच बाराशिंगे तेथे आपण होऊन येऊ लागले. (ज्यांनी ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली, त्यांना घरदार सोडावे लागले, ही गोष्ट या यशाच्या हिशेबातून वगळता येत नाही.)

तथापि गावे उठली म्हणजे कुरण सिद्ध झाले, असा समज करून घेणे चुकीचे होय. मोकळ्या जमिनीवर आधी तण माजते, मागाहून घाणेरी आणि पळसासारखी झाडे शिरकाव करतात. दुर्लक्ष झाल्यास कालांतराने तेथे रानच उभे राहते. म्हणून झुडपे उपटणे, तण फुलण्याआधी काढणे, काही पट्टे जाळणे व काही मुद्दाम राखणे, ही कामे वर्षानुवर्षे करावी लागतात. चांगला गवळी आपले गायरान राखतो, त्याहून हे फारसे निराळे नाही. मेळघाटात आणि ताडोबात उठलेल्या गावांच्या जागी कुरणे राखतानाही हेच श्रम करावे लागतात.

कान्हातील बाराशिंग्यांची संख्या अलीकडे ८०० च्या वर गेली. परंतु सारा कळप एकाच अरण्यात असणे धोक्याचे. एखादी साथ पुरेशी आहे. म्हणून २०१५ पासून काही बाराशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आले. तेथेही बोरीसारख्या गावांची जुनी शेते आता गवताखाली आहेत.